तांडेलांचा ब्याऐंशी मॅचचा सीझन

"कसं काय?" असं विचारलं, तर माणूस काय सांगतो? बरं आहे म्हणतो, फार तर गुडघे दुखतात म्हणतो. आमचे शेजारी हरेश्वर तांडेल सांगायचे, "चार-एकवीस." म्हणजे चार मॅच जिंकल्या, एकवीस हरल्या. आणि तोंड असं, की ट्रॉफीच घेऊन घरी निघालेत!

तांडेल किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातले. नोकरी माझ्याबरोबर तारापूरच्या कारखान्यात, घर सालवडला माझ्या समोर. उंची पाच फूट दोन इंच आणि वेड बास्केटबॉलचं. अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅच आपल्याकडे सकाळी दिसतात, म्हणून हे एका हाताने दात घासणार आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरणार. तिथे एका सीझनला प्रत्येक संघाच्या ब्याऐंशी मॅच; त्यात कोणी लागोपाठ तेहेतीस जिंकल्या, सगळं तोंडपाठ. लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारतील.

"सायेब, ब्याऐंशीतल्या त्र्याहत्तर जिंकून फायनलला आपटले! रेकॉर्डला हाय," हे मी कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा ऐकलंय, की डाळीला त्याचीच चव लागते.

गेल्या वर्षी मंदावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात मात्र उचलेना. बोईसरच्या बाजारात मासे विकणारी, घासाघीस करणाऱ्याला एका नजरेत गप्प करणारी ही बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. व्यायाम सांगितला तर म्हणायची, "कशाला? आता टोपली कोण उचलतंय?"

यावर तांडेलांनी काय करावं? तिच्याच मासळीच्या टोपलीचं बूड कापलं आणि ती भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर ठोकली! वहिनी दोन महिन्यांत पहिल्यांदा ओरडल्या. "अवो, डोस्कं फिरलं काय तुमचं? माजी टोपली!" अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. तांडेल इतके खूश झाले, की मला दारातच मिठी मारली.

तिथून सीझन सुरू झाला. रोज सकाळी एक मॅच, एकूण ब्याऐंशी. मोज्यांचा चेंडू उजव्या हाताने टोपलीत टाकायचा. दहातले सहा गेले की जिंकलं. पंच तांडेल, शिट्टी कारखान्याच्या फायर-ड्रिलमधली. वहिनी शिव्या घालत खेळायच्या, पण खेळायच्या. आठ दिवसांत पहिली मॅच जिंकल्या, तेव्हा मला शिरा मिळाला.

पण मग हरणंच चाललं. नऊ-साठ झाले, नऊ-सत्तर झाले. नऊ-बहात्तरला माझं डोकं सटकलं. उद्याची शेवटची मॅच हरली, की नऊ-त्र्याहत्तर. ब्याऐंशी मॅचच्या सीझनमधला सगळ्यात वाईट रेकॉर्ड हाच, हे मला यांनीच शिकवलेलं! मी सरळ घरात घुसलो. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या.

"अहो, लाज वाटत नाही? त्या बाईला किती हरवाल? ती टोपली जरा खाली घ्या ना!"

तांडेलांनी हात धरून मला भिंतीजवळ नेलं. टोपलीखाली पेन्सिलीच्या नऊ रेघा होत्या, एकीवर एक. सगळ्यात खालची माझ्या कमरेशी, वरची खांद्याच्याही वर.

"जिंकली, की टोपली चार बोटं वर घेतो," ते हळूच म्हणाले. "खाली ठेवली असती, तर रोज जिंकली असती, सायेब. पण हात तिथंच रायला असता. तिला डोकीवर टोपली घ्यायचीय." डोळे पुसून पुढे म्हणाले, "तिच्याशिवाय घरात कोन वरडत नाय. मला नाय जमत असं घर."

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या खोलीत. आठ चेंडूंत पाच आत. नववा काठावरून परत आला. दहाव्याला वहिनींचा हात वर गेला, डोक्याच्याही वर, आणि चेंडू आत पडला. दहा-बहात्तर!

मी तांडेलांकडे पाहिलं. 'रेकॉर्डला हाय' म्हणतील असं वाटलं, पण शिट्टीसुद्धा वाजवता येईना त्यांना. पेन्सिल घेऊन ते दहावी रेघ मारायला वळले.

"ऱ्हाऊ द्या ती रेघ," वहिनी दम खात म्हणाल्या. "बाजारात जा नि नवी टोपली आना. बूड असलेली."