उपाशी पेशींचा पाहुणचार

पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या दारावर प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी स्वतःच्या हाताने एक फर्मान चिकटवलं होतं : 'पेशी कुणाच्याही असोत, उपाशी दिसल्या तर निदान एका डिशीला खाऊ घाला. वंश बुडता कामा नये.' एका लांबलचक सुट्टीत प्रयोगशाळेतल्या झाडून सगळ्या पेशी मेल्या, तेव्हापासूनचा हा नियम. जेवलेली डिश चळतीच्या तळाशी सरकवायची, म्हणजे पुढच्या दात्याला वरची सापडते, हेही ठरलेलं.

अशा अन्नछत्रात ताणताईने चार डिशींच्या झाकणांवर ठळक अक्षरांत 'उपाशी' लिहिलं आणि ती निश्चिंत मनाने घरी गेली. कुणी हात लावू नये म्हणून तिने ते लिहिलं होतं. हुशार माणसांचं असंच होतं.

ताणताई हे तिला संशोधनावरून पडलेलं नाव. पेशीच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. पेशीला सीरमचा, म्हणजे रक्तातून काढलेल्या पोषक द्रवाचा खुराक मिळाला की त्यांच्या जुड्या बांधल्या जातात, मायोसिन हे दुसरं प्रथिन त्या खेचून धरतं, टोकं डिशीच्या तळाला रोवली जातात, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे ताठ ताणतंतू तयार होतात. त्यांच्या जोरावर पेशी पाय रोवून पसरते. खुराक तोडला की दोऱ्या सैल पडून विरून जातात. ताणताई चार वर्षं हेच बघत होती आणि आज दुपारी ते परीक्षकांना दाखवणार होती : आधी उपाशी पेशी, मग जेवलेल्या. परीक्षकांची सही झाली तर संशोधनाला मुदतवाढ, नाही तर गाशा गुंडाळायचा. हे परीक्षक समोरच्याच प्रयोगशाळेतले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून मुलं त्यांना पण-सर म्हणत.

पहिली डिश झकास निघाली. अ‍ॅक्टिन चमकावं अशी सोय तिने पेशींत आधीच केली होती. पडद्यावर नुसता मंद, विस्कटलेला उजेड दिसला. तंतू औषधालाही नव्हता.

"पण एकीवरून काय ठरतं?" पण-सर म्हणाले. "दुसरी दाखव."

ताणताईने दुसरी ठेवली. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड, तकतकीत तंतू ताणलेले होते.

"पण या तर खाऊन-पिऊन सुखी दिसतात!"

मागे काचेची भांडी लावणारे काका खाकरले. "ताई, वरच्या एका डिशीला मी सीरम घातलं. झाकणावर 'उपाशी' वाचलं, मग राहवेना."

"काका, अहो त्या मुद्दाम उपाशी ठेवल्या होत्या!"

"मुद्दाम?" शेजारी उभे असलेले तिचे सर आता दचकले. "अगं, मग एकीला मीही घातलं."

"सर, प्रयोग तुम्हीच सुचवला होता."

"सुचवला असेन गं. सुचवलेलं सगळं कुठे लक्षात राहतं!"

ताणताईला रडू येत होतं, पण ते परीक्षकांसमोर परवडणारं नव्हतं. तिने उरलेल्या दोन्ही डिशी पाहिल्या. एकदा पाहून समाधान होईना, म्हणून पुन्हा पाहिल्या.

"दोन्ही जेवलेल्या आहेत," ती म्हणाली. "म्हणजे चारांपैकी तीन."

"तीन कशा?" सर म्हणाले. "काकांची एक, माझी एक. या दोनांतली एक उपाशी असायलाच हवी. नीट बघ." आणि मग तिच्या कानाशी येऊन, "अगं, एक उपाशी आहे म्हण आणि मोकळी हो."

"कशी म्हणू सर? तंतू समोर दिसताहेत. हिला कुणीतरी घातलंय."

"कुणी? भुताने?"

"ते मला माहीत नाही. पण घातलंय."

सरांनी कपाळाला हात लावला. काकांनी एक धुतलेलं चंचुपात्र पुन्हा धुवायला घेतलं. पण-सरांनी चष्मा काढून पुसला.

"सकाळी मी इकडे आलो होतो," अखेर ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला कुणी ऐकला नव्हता. "झाकण वाचलं. वाटलं, पोरगी विसरली. दुपारी माझ्यापुढे मेलेल्या पेशी निघतील, बिचारीची फजिती होईल. म्हणून घातलं थोडं."

"पण सर, मी अहवालात लिहिलं होतं ना..."

"अहवाल मी वाचलेला नाही."

त्यांनी पेन काढून सही केली. "या दोघांनी दोनच सांगितल्या, तरी तुला होतं तेच दिसलं. वर्षभराची मुदत दिली. मात्र यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये." ताणताईला हसावं की त्यांच्या पाया पडावं ते कळेना.

दार उघडून ते बाहेर पडले आणि व्हरांड्यात ताटकळलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यावर कडाडले, "तुझा अहवाल? वाचला मी! शब्द न् शब्द वाचला!"