सायलेन्सरचं नाक

मोटारीचा सायलेन्सर कळायला डोकं लागतं, आणि तसं डोकं आमच्या अहेरीत मोजक्याच लोकांना आहे. त्यातला एक मी, रईस! शिलाई मशीन दुरुस्त करत असलो म्हणून काय झालं?

२००४ च्या मार्चमध्ये मी जुनी मोटार घेतली आणि मेहुणीच्या निकाहसाठी चंद्रपूरला निघालो. आलापल्ली मागं पडली न पडली तोच समोर पिवळा दिवा पेटला.

"हे काय आता?" शेजारी बसलेल्या मदीहानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"ऑक्सिजन सेन्सर! धुराच्या नळीला नाक असते. ते धूर हुंगते आन इंजिनले सांगते, पेट्रोल जास्त झालं का कमी झालं. नाक चोंदलं असन. आत्ता साफ करतो!"

"चंद्रपुरात दाखवू ना. या जंगलात काऊन थांबता?"

जंगल खरंच विचित्र गप्प होतं. सागाची पानं झडलेली, नुसते बुंधे उभे, जणू कोणी श्वास रोखून बघतंय. पण मी गाडीखाली घुसलो. इंजिनातून निघालेल्या नळीवरून नजर फिरवत गेलो आणि सापडलं! प्लगसारखं बोंडूक, शेपटीला वायर. बोट भाजलं, पण पाना लावून काढलंच. पुसलं, फुंकलं. परत बसवायला गेलो, तर आटेच गेलेले!

"आता?"

"नाकाशिवाय काय अडते!" म्हणून मी गाडी चालू केली.

घुर्रर्रर्र!

नळीतल्या भोकातून असा आवाज निघाला की सीट थरथरली. क्षणभरानं तोच आवाज सागातून परत आला. मदीहानं मान वळवली.

"ऐकता का? मागं कोणी आहे."

मागं कोणीच नव्हतं.

पुढचं गाव आलं. दारं सताड उघडी. चुलीवरचा भात उतू जात होता. सुपात तांदूळ अर्धेच निवडलेले. झाडाला बांधलेला झोका रिकामाच हलत होता! मी गाडी बंद करून खाली उतरलो.

"कोणी आहे का?"

"गेलं काय ते?" वरून कोणीतरी कुजबुजलं.

वर पाहतो तर मोहाच्या झाडावर माणसंच माणसं. सगळ्यात खालच्या फांदीवर पत्रू म्हणून एक म्हातारा.

"काय गेलं?"

"तुमच्या मागं लागलं होतं ते!"

मी थेट झाडावर! मदीहा गाडीतच राहिली हे फांदी धरल्यावर आठवलं.

"वाघ होता का?" मी विचारलं.

"वाघाले तं ओळखतो आमी. हे भलतंच होतं. पोट बिघडलेल्या राक्षसावानी."

तेवढ्यात मदीहानं चावी फिरवली. घुर्रर्रर्र! सगळे एक फांदी वर सरकले. मी दोन.

मदीहानं खिडकीतून डोकं काढलं. "उतरा खाली! तुमचंच नाक आहे!"

गावकरी उतरले, पण अट घालूनच. "गाडी चालू नोको करू भाऊ, लेकरं भेली. फारेस्टच्या नाक्यावरी आमी ढकलत नेतो."

पत्रू आणि तिघं ढकलू लागले, मी आत बसून स्टिअरिंग धरलं. ऊन बुंध्यांमागं उतरलं. अर्ध्या वाटेवर, अगदी जवळून, आवाज आला.

घुर्रर्र.

गाडी थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी नाई! गाडी तं बंदच आहे!"

"मालूम आहे," पत्रू हळूच म्हणाला. "हा वाघ आहे. आता कर चालू!"

चारही जण एकमेकांच्या मांडीवर आत कोंबले गेले. मी चावी फिरवली. आमची गाडी असली गरजली की कडेची वाळकी पानं उडवत वाघ दूर पळाला.

नाक्यावर पोचलो तेव्हा निकाह तर हुकलाच होता. उतरताना पत्रूनं माझा हात धरला.

"भाऊ, ते भोक बुजवू नोको. मोहफुलं वेचाच्या दिवसात वाघ लय फिरते, पहाटे इकडं एक चक्कर मारत जा."

मदीहा म्हणते, लग्नापासून पहिल्यांदाच माझ्या रिपेरीची कोणी तारीफ केली.