तंबूतला एकांत

"सहाशे घरांचं टपाल मी रोज बिनचूक टाकतो! दोन माणसांची सहल ठरवायला मला काय धाड भरलीय?" असं म्हणून मर्लिन स्कॉगस्टाडने कॉफीचा मग टेबलावर असा आपटला, की बायकोच्या शब्दकोड्यावर भलामोठा डाग पडला.

लव्हॉनने डाग टिपला आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं तिने गावच्या शाळेत रोज तीनशे पोरांना जेवू घातलं होतं. परवाच्या शुक्रवारी ती निवृत्त झाली. शाळेने तिला फुलं दिली, टाळ्या दिल्या. पण ऐनवेळी दुसरी आचारीण आजारी पडल्यामुळे स्वतःच्या निरोपाचं जेवण तिलाच रांधावं लागलं!

"मला मोठं काही नको, मर्लिन," ती म्हणाली. "दोन दिवस. तू आणि मी. मी कांदा चिरणार नाही आणि 'अजून वाढू का' असं कुणाला विचारणार नाही. बस्स!"

"तू फक्त बॅग भर! बाकी सगळं माझ्याकडे लागलं!"

त्याच्या डोक्यात ग्लॅम्पिंग होतं. हा शब्द त्याला एका रंगीत मासिकावर सापडला होता. मासिक दुसऱ्याच्या पत्त्यावरचं होतं, पण पेटीत टाकण्याआधी त्याने ते नीट वाचून घेतलं. राहायचं तंबूत, पण आत खराखुरा पलंग, पायाखाली गालिचा आणि मागच्या बाजूला पांढराशुभ्र टब. टबात बसावं आणि समोर विस्कॉन्सिनच्या हिरव्या टेकड्या बघाव्यात! दोन तासांच्या अंतरावर ट्रूडी नावाच्या बाईने आपल्या कुरणात असे तंबू उभारले होते.

मर्लिनने तिला फोन लावला तो टपालाच्या फेरीवर असताना, नेमका लुंडग्रेनच्या फाटकापाशी. लुंडग्रेनचा कुत्रा चौदा वर्षं मर्लिनवर भुंकत आलाय, त्याला कंटाळा कसा तो नाही.

"तुम्हाला ओढ्याकाठचा छोटा देऊ," ट्रूडी म्हणाली, "की –" भो! भो! "– मोठा?"

"मोठाच! एकदाच जायचंय!"

"वा! आणि स्वयंपाकाचं –" भो भो भो! "– तुमचं तुम्हीच ना?"

मर्लिनला यातलं 'ना' तेवढं ऐकू आलं. पण समोरच्या बाईला 'पुन्हा बोला' म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्या भागातली माणसं भारी भिडस्त. "हो हो, अगदी तसंच!" म्हणून तो मोकळा झाला.

मग तो बर्फाची पेटी मागायला धाकट्या भावाकडे, ड्वेनकडे गेला.

"दोघंच चाललात?" ड्वेनने विचारलं.

"दोघंच. एकांत पाहिजे म्हणतेय ती."

"मस्त जागा दिसतेय रे," ड्वेन उदास सुरात म्हणाला. आता भाऊ उदास झाला की माणसाने काय करावं? मर्लिन म्हणाला, "त्या बाजूला आलास कधी, तर डोकाव की!" हे तिकडे निरोप घेताना म्हणायचंच असतं. कुणी खरोखर येत नाही. पण शनिवारी दुपारी येऊ नकोस, असं काही मर्लिन म्हणाला नाही. उलट पत्ता लिहून दिला!

रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी लव्हॉनच्या इर्मामावशीने त्याला गाठलं. वय वर्षं शहाऐंशी.

"तंबूत पलंग असतो म्हणे? मी मरायच्या आत असला तंबू बघेन असं वाटत नाही बाई."

"असं काय बोलता मावशी! या की बघायला!"

"अय्या! येते तर!"

त्याला वाटलं, म्हातारीला गाडी चालवता येत नाही, कशाला येतेय!

शनिवारी दोघं पोचले तेव्हा जूनचं कोवळं ऊन पडलं होतं. तंबू पाहून लव्हॉन दारातच थबकली. पलंग, गालिचा, टब, सगळं चित्रातल्यासारखं. "अरे मर्लिन!" ती एवढंच म्हणाली. मर्लिनची छाती दोन बोटं फुगली.

पण शेजारी आणखी एक तंबू होता. त्यात लांबलचक बाकं, भलीथोरली शेगडी आणि पोर आंघोळीला बसेल एवढालं पातेलं!

"हा मेळाव्याचा तंबू," ट्रूडी कौतुकाने म्हणाली. "मोठाच हवा म्हणालात ना! स्वयंपाकाची हौस आहे का वहिनींना?"

लव्हॉनने त्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि मग वळून नवऱ्याकडे. असं बघणारी लव्हॉन मर्लिनने चाळीस वर्षांत दोनदाच पाहिली होती.

तेवढ्यात ड्वेनची गाडी आली. "डोकावलो रे! वहिनी, सॉसेज आणि पोतंभर बटाटे आणलेत, नुसते भाजायचेत!" आणि त्याच्या मागोमाग धूळ उडवत आली ती चर्चची मोठी गाडी! पुढच्या सीटवर मांडीवर गाजर घातलेली हिरवी जेली सांभाळत इर्मामावशी, आणि मागे चर्चमध्ये गाणारी आख्खी मंडळी, नऊ जण!

"मी एकटी कशी येणार रे?" मावशी म्हणाली. "यांना म्हटलं सोडा मला. तर म्हणाले, आम्हीही बघतो तंबू."

सगळ्यांनी पलंगावर बसून पाहिलं. एका जाड्या गृहस्थाने बुटांसकट टबात बसून पाहिलं. मग सगळे बाकांवर येऊन बसले आणि हवापाण्याचं बोलू लागले. भूक लागलीय असं कुणीच म्हणालं नाही. फक्त बोलता बोलता अकराच्या अकरा नजरा हळूच लव्हॉनकडे वळल्या. तिने सुस्कारा टाकला आणि बाह्या सरसावायला घेतल्या.

आयुष्यभर कुणाला 'नको' न म्हटलेला मर्लिन तेव्हा ताडकन उठला.

"नाही!" तो ओरडला. एवढ्या जोरात, की मावशीची जेली थरथरली. "लव्हॉन आज चुलीपाशी जाणार नाही! ती टबात बसणार. जेवण मी करणार!"



"तू?" ड्वेन म्हणाला. "अरे, तुला पाणी तरी उकळता येतं का?"

"बघशीलच!"

लव्हॉनने त्याच्याकडे क्षणभर टक लावून पाहिलं, टॉवेल उचलला आणि आत जाऊन कनात ओढून घेतली.

मर्लिनने बटाटे चिरले, बोट चिरलं, पातेलं चढवलं. मीठ दोनदा पडलं, कारण पहिल्यांदा टाकलेलं त्याला आठवेना. बटाटे खालून जळले आणि वरून कच्चे राहिले. सॉसेज कोळशासारखे झाले. तरी त्याने ताटं वाढली.

"वेगळंच झालंय हं!" गाणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला.

"अगदीच वेगळं," बाकीच्यांनी मान डोलावली. जेवणाला यापेक्षा वाईट शब्द तिकडे कुणी वापरत नाही.

मर्लिन एक ताट घेऊन कनातीपाशी गेला. आतून गळ्यापर्यंत फेसात बुडालेल्या लव्हॉनचा हात बाहेर आला. एक घास.  मग ती अशी हसत सुटली, की टबातलं पाणी गालिच्यापर्यंत आलं.

"मर्लिन, एकतीस वर्षं मी माणसांना जेवू घातलं, पण इतकं भयंकर काही माझ्या हातून झालं नाही!" ती डोळे पुसत म्हणाली. "थोडं अजून वाढ."

पाच वाजता मंडळी निघाली. म्हणजे निघतो म्हणाली. मग गाडीच्या दाराशी उभं राहून बोलणं, खिडकीतून बोलणं असं करत पावणेसात वाजले. शेवटची धूळ खाली बसली. टेकड्यांवर अजून लख्ख ऊन होतं.

आता खरा एकांत! मर्लिनने केसांवरून हात फिरवला, मनात दोन गोड वाक्यं जुळवली आणि हळूच आत गेला. पलंगावर आडवी पसरून लव्हॉन गाढ झोपली होती, ओठांवर हसू आणि घोरणं मात्र मालगाडीचं.

बाहेर ट्रूडी उभी होती. "भांडी घासूनच जागा सोडायची हं," ती नम्रपणे म्हणाली, "तुमचं तुम्हीच ठरलं होतं ना!"

"हो हो, अगदी तसंच!" मर्लिन म्हणाला.

आणि अशा रीतीने त्या कुरणात दोघांना हवा तसा एकांत मिळाला: मर्लिनला आणि बटाटे करपलेल्या त्या पातेल्याला.