ताटवाली जेवते कधी

तेरवणकर काका स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहून लिहितात. घरात टेबल आहे, खुर्ची आहे, टेबलावर लेखकाला शोभेल असा दिवाही आहे. पण काका गॅसच्या शेजारी कागद पसरतात, ते उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी ठेवतात आणि उभ्याने टीव्ही मालिकेचे एपिसोड लिहितात. पहिल्या दिवशी मी विचारलं, पाय दुखत नाहीत का. ते म्हणाले, "माझ्या बायका दिवसभर ओट्यापाशी उभ्या असतात. मी बसून लिहिलं तर त्यांना कळेल."

बायका म्हणजे मालिकेतल्या. काकांचं लग्न झालेलं नाही.

ते कोपरला आमच्याच गल्लीत, शेवटच्या इमारतीत राहतात. पंचवीस वर्षं टीव्हीसाठी लिहितायत, सगळं हातानं. चॅनलला मात्र टाइप करून मेलवर लागतं. मी ठाकुर्लीला मराठी टायपिंगचा क्लास केलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई पोळीभाजी केंद्रात रोज पाच भाज्या करते. लेखकाच्या घरी जायचं म्हणजे तो अभ्यासच, असं तिला वाटायचं. हे मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, कारण सांगायला लागले की आधी लाज वाटते.

काकांच्या मालिकांत बायका चारच. कथा कुठल्याही घरात घडो, चार. पहिली ताटवाली. ही सगळ्यांना वाढते आणि जो आलेला नसतो त्याचं ताट झाकून दाराकडे बघत उभी राहते. दुसरी किल्लीवाली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कायम पडद्याआड. तिसरी स्कूटीवाली, अन्याय दिसला की गाडी थांबवून बोलते. चौथी जपवाली. तिला घरातली सगळी गुपितं माहीत असतात, पण ती तोंड उघडते फक्त शनिवारी, म्हणजे लोक सोमवारपर्यंत तळमळतात.

मालिकेबाहेरच्या बायकांनाही यातून सुटका नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आल्या की काका आतून म्हणायचे, "किल्लीवाली आली बघ." त्यांच्या डोळ्यांची डॉक्टर म्हणजे पांढऱ्या कोटातली स्कूटीवाली. मला तर दारातच सांगितलं, "तू स्कूटीवाली."

"माझ्याकडे स्कूटी नाही, काका."

"येईल. चाळिसाव्या एपिसोडपर्यंत येते."

आजारपण, भांडण, पाऊस, सगळं ते एपिसोडमध्ये मोजायचे. मला सर्दी झाली की "तीन एपिसोडचं दुखणं आहे, काढा घे." माझ्या मैत्रिणीचं लग्न मोडलं तेव्हा म्हणाले, "सातव्या आठवड्यात परत जमेल." ते खरंच जमलं, तेव्हा महिनाभर त्यांचा तोरा बघवत नव्हता.

मालिका सात वाजता लागायची. साडेसातला अक्काचा फोन. अक्का म्हणजे काकांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेल्यावर काकांना तिनंच वाढवलं. आता मुलाकडे घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर असते. काका फोन मिठाच्या बरणीला टेकवून स्पीकरवर टाकायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"बाळ्या, पाहिलं." पासष्ट वर्षांच्या माणसाला ती बाळ्या म्हणायची. "तुझी ती बाई जेवते कधी रे?"

काका समजावून सांगायचे, की चॅनलला एपिसोडच्या शेवटी झाकलेलं ताटच हवं असतं, तिथे बायका रडतात. अक्का म्हणायची, रडतात कसल्या, मला तिच्याकडे बघून भूक लागते. मग काका म्हणायचे, "बसवतो गं. बसवतो एकदा जेवायला." हा संवाद रोजचा. पहिल्या आठवड्यात मला गंमत वाटली. नंतर मी तो ऐकणंच सोडलं.

कारण तोवर मला एक शोध लागला होता. काकांचे ताटाचे सीन सगळे एकसारखे होते. मग मी नव्यानं टाइप करणं सोडून दिलं. कागदावर ताट दिसलं की जुनी फाइल उघडायची आणि आधीच्या मालिकेतल्या सुमित्राच्या जागी या मालिकेतली मीनल करायचं. दहा मिनिटांत काम. कुणाच्या लक्षात आलं नाही, काकांच्याही नाही. आणि प्रत्येक वेळी काका माझ्या मनातून थोडे उतरत गेले.

त्याच जोरावर मी कॉलेजात मालिकांमधल्या बायकांवर प्रकल्प लिहिला. काकांचं नाव घातलं नाही, उदाहरणं सगळी त्यांचीच. हा लेखक चार साचे घेऊन बसला आहे, असं लिहिलं. बसून ते कधी लिहीत नाहीत हे माहीत असून लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, "या लेखकाने बाई कधी जवळून पाहिलेलीच नाही." मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी मान खाली घालून बसले होते, पण तेव्हा ती लाज नव्हती. संध्याकाळी नेहमीसारखी काकांकडे गेले, त्यांच्या हातचा चहा प्यायले.

मग मालिका बंद होणार असल्याचं कळलं. नवीन मालिका काकांना देणार नव्हते, चॅनलला तरुण लेखक हवे होते. काकांनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि लगेच चॅनलच्या मॅडमना फोन लावला. अर्धा तास वाद घातला. शेवटच्या एपिसोडचा शेवटचा सीन त्यांच्या मनासारखा, एवढं पदरात पाडून घेतलं. त्या संध्याकाळी अक्काला म्हणाले, "शनिवारी बघ. बसते."

हेही मी ऐकलं होतं. ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

त्या आठवड्यात माझी परीक्षा होती. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. अकरा कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, आज मला तपासता येणार नाही. शेवटच्या सीनची पहिली ओळ होती, "संध्याकाळ. स्वयंपाकघर. ताट झाकलेलं." मी तेवढीच वाचली. जुनी फाइल उघडली.

"नीट वाचलंस ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"मग पाठव."

शनिवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मलाही बोलावलं होतं, पेढे आणले होते. शेवटचा सीन सुरू झाला. ताट झाकलेलं. मीनल दाराकडे बघतेय. त्या नटीला तो सीन पाठच असणार, किती वेळा केलेला. तिनं फार छान केलं. दार, चेहरा, ताट. ताटावर चित्र थांबलं आणि समाप्त अशी अक्षरं आली.

काकांनी बरणीखालचे कागद एकदा पाहिले, मग माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यामागे काय होतं ते मला दिसलं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"बाळ्या, कुठे बसली रे?"

काका म्हणाले, "मीच बदललं गं आयत्या वेळी. जमेना."

"बरं," अक्का म्हणाली. "राहू दे. पुढच्या मालिकेत बसव."

पुढची मालिका नाही हे काकांनी तिला सांगितलेलंच नव्हतं.

मला राहवलं नाही. मी फोनजवळ जाऊन सगळं सांगून टाकलं. काकांनी तिला बसवलं होतं, मी वाचलंच नाही, जुनं चिकटवलं, आणि हे आजचंच नाही, कित्येक महिन्यांचं आहे. प्रकल्पाचंही सांगितलं, त्यातलं शेवटचं वाक्यसुद्धा. बोलताना रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं.

मग अक्कानं विचारलं, "कोण बोलतंय हे?"

"स्कूटीवाली," काका म्हणाले.

"मग वाच की गं. कागद आहेत ना तिथे?"

मी कागद घेतले. काकांच्या ताटाच्या सीनची दुसरी ओळ मी किती महिन्यांनी वाचत होते. मीनल दाराकडे बघते. मग दाराला कडी घालते. ताट उघडते. ज्याची वाट बघत होती त्याच्या खुर्चीवर बसते आणि भाकरी मोडते. दोन पानं एकही संवाद नाही. समासात काकांनी लिहिलं होतं, "कॅमेऱ्याने घाई करू नये. ती करणार नाही." मी वाचत होते आणि काका माझ्याकडे पाठ करून ओटा पुसत होते. पुसलेलाच ओटा.

"ताटात भाकरी, शेपूची भाजी, कडेला लोणचं," मी वाचलं.

"थांब," अक्का म्हणाली. "शेपू कशाला?"

काका न वळता म्हणाले, "तुला आवडते म्हणून."

"मला? अरे, मला वास सहन होत नाही शेपूचा. तुला लागायची ना, म्हणून करायचे."

काकांचा हात ओट्यावर थांबला.

माझं प्रकल्पातलं वाक्य मला आठवलं. ते खरं ठरत होतं, आणि ते कधी लिहिलंच नसतं तर बरं, असं मला वाटत होतं. माझी आई रोज पाच भाज्या करते. त्यातली तिला कुठली आवडते, हे मला तिथे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"मग तुला काय आवडतं गं, अक्का?" काकांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"मला होय," अक्का म्हणाली. बाविसाव्या मजल्याच्या खिडकीतून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "थांब हं. आठवू दे."

काकांनी माझ्या हातून कागद घेतला. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ओट्यापाशी बसले. शेपू खोडलं. पेन उघडं धरून फोनकडे बघत राहिले.