बरणीवरच्या सशाची बखर

श्री. चाकास नमन, मातीस नमन, कच्च्याचे पक्के करणाऱ्या अग्नीस दुरून नमन. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, ज्येष्ठ मासी, ज्या वर्षी कैरी अमाप आली आणि मीठ मिळेना, त्या वर्षी घडले वर्तमान येणेप्रमाणे. राज्याचे नाव कोणी पुसू नये. नदी होती, गड होता, गडावर महाराज होते आणि महाराजांवर मातुश्री होत्या, इतके समजले म्हणजे पुरे. त्या राज्यी नदीकाठी निळसर माती निघे. तिची बरणी घडवून दोन दिवस भट्टीत घालावी, आणि भट्टी पांढरी तापली म्हणजे वरल्या भोकातून मुठी मुठी मीठ आत फेकावे, मग ते मीठ तडतडून बरणीच्या अंगी बसे आणि बरणीस दगडाचे काठिण्य आणि संत्र्याच्या सालीचा तजेला येई. ऐशा दगडी बरणीत लोणचे तीन वर्षे राहिले तरी बुरशी धरीत नसे. त्या बरण्या करणारे कुंभार बहुत, परंतु नाव एका भिकनाजी कुंभाराचे. कारण त्यांच्या बरणीच्या खांद्यावर बसलेला ससा उमटलेला असे, आणि ससा पाहिला की गिऱ्हाईक दुसरी चौकशी न करिता बरणी उचलीत असे.

भिकनाजी मोठे कसबी, आणि आपण कसबी आहो हे इतरांपेक्षा त्यांस स्वतःस अधिक ठाऊक. चाकावर बसून बरणी ओढावी, आणि शिक्का मारण्याची वेळ आली म्हणजे हातपाय धुवावे, डोईस पागोटे घालावे, चार शेजारी बोलवावे आणि मग ससा दाबावा, ऐसा त्यांचा थाट. बरणीस दोहो बाजूंस कान लावण्याचे काम त्यांच्या कुटुंबाकडे, म्हणजे तान्हुबाईंकडे. तान्हुबाई कान चिकटवीत आणि त्याच्या मुळाशी अंगठा ऐसा रोवीत की तेथे खळगा पडे. भिकनाजींस तो खळगा खुपे. ते म्हणत, "अगं, बरणी देखणी निघते आणि तू तिला वण पाडून ठेवतेस." तान्हुबाई म्हणत, "सासूबाईंनी शिकवलंय. दाबल्याशिवाय कान धरत नाही. तुम्ही तुमच्या सशाकडे बघा." आणि भिकनाजी सशाकडे बघत. वास्तविक सशाकडे बघावयाचे त्यांस भय वाटे, कारण तो ससा वडिलांचा नव्हता. वडिलांनी दिलेला पक्क्या मातीचा शिक्का नऊ वर्षांमागे देवीच्या जत्रेत सासुरवाडीच्या मंडळींपुढे ऐट करिताना भिकनाजी वर उडवून झेलू लागले, दोनदा झेलिला, आणि तिसऱ्यांदा तो दगडावर पडून त्याचे तीन तुकडे जाहले. मग घरी येऊन, तान्हुबाई पाण्यास गेल्या ऐसे पाहून, त्यांनी माजघरातल्या जुन्या बरणीवरील सशाच्या खळग्यात ओली माती दाबली, सशाचा नवा शिक्का काढिला, भट्टीत भाजिला आणि कोणास कळू दिले नाही. ससा थोडका लहान निघाला. वय झाले की अंग आकसते, ऐसे मनास सांगून त्यांनी नऊ वर्षे ढकलली.

त्या साली मातुश्रींनी कैरीचे लोणचे घालून घेतले आणि बाजारातून सशाच्या दहा नव्या बरण्या आणविल्या. त्यांत नेमका शेजारच्या राज्याचा वकील तहाचे बोलणे करावयास आला. वकिलाचा अंगरखा पांढरा स्वच्छ, कडक खळ दिलेला. पंगत बसली, पाने वाढिली, आणि मातुश्रींनी आज्ञा केली की नवे लोणचे बरणीसुद्धा आणावे, पाहुण्यांस आपल्या राज्याची बरणीही दिसू दे. वाढप्याने बरणी दोहो कानांस धरून उचलिली, आणि वकिलासमोर येताच एक कान त्याच्या हाती राहिला आणि बरणी निघाली. तेल, तिखट, मोहरी आणि कैरीच्या फोडी मिळून सगळा ऐवज वकिलाच्या अंगावर गेला. बरणी मात्र दगडी, तिला ओरखडा नाही. ती गडगडत भिंतीशी गेली आणि ससा वर करून थांबली, आणि तो ससा सगळ्या पंगतीकडे निवांत पाहत राहिला. वकील उठून म्हणाले, "आमच्या धन्याच्या माणसाला तुम्ही मुरवायला घातलं काय? हा अपमान आहे. ज्यानं केला त्याला शासन झालं नाही, तर तह होणार नाही." महाराजांनी सशाकडे पाहिले आणि म्हणाले, "भिकनाजीस आणा."

भिकनाजी आणि तान्हुबाई हुजूर आले. न्यायाधीश त्रिंबकपंत. हे शास्त्रांत निपुण, परंतु मातीशी संबंध पायाखालचा तेवढाच. त्यांनी सुनाविले की तीन दिवसांत निर्दोष ठरला नाहीत, तर शिक्का चावडीपुढे फोडावा, चाक नदीत बुडवावे आणि भिकनाजीने जन्मात मातीस हात लावू नये. फटके सांगितले असते तर त्यांनी पाठ पुढे केली असती, परंतु मातीस हात लावू नये म्हणजे सकाळी उठून या हातांचे करावे काय, हे त्यांस कळेना, आणि त्यांस भर दरबारात रडू आले. चुलतभाऊ हैबती तेथेच उभा होता. तोही कुंभार, पलीकडल्या काठास राही. तो हळहळून म्हणाला, "दादा पूर्वीसारखे राहिले नाहीत, महाराज. वय झालं. हात कापतो." भिकनाजींचे रडू जागच्या जागी आटले. त्यांनी पडलेली बरणी मागून घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "ही माझी नव्हे. हा ससा माझ्या सशावरून चोरलेला आहे."

पंत म्हणाले, "शाबीत करा. तुमचा शिक्का या खळग्यात बसवा." भिकनाजींनी बसविला, बसेना. पंत म्हणाले, "आता मातुश्रींच्या कोठीतल्या तुमच्या जुन्या बरणीवर बसवा." तेथेही बसेना. पंतांनी पगडी सरळ केली आणि म्हणाले, "म्हणजे तुमचा शिक्का तुमच्याच बरणीला ओळख देत नाही." सगळा दरबार हसला, आणि भिकनाजींस त्या सर्वांची कीव आली. ते म्हणाले, "पंत, माती आगीत गेली की आक्रसते. आठ बोटांची वस्तू घातली तर सातच बोटांची होऊन बाहेर येते. एक बोट आग खाते. मी ओल्या बरणीवर शिक्का मारतो तेव्हा तो बसतो. बरणी भाजली की खळगा लहान होतो. मग बसेल कसा?" आगीवर फिर्याद करिता येईल काय ऐसे एका कारकुनाने हळूच पुसिले, त्यास गप्प बसविले. भिकनाजी पुढे म्हणाले, "आता चोर काय करील? माझ्या भाजल्या बरणीवरच्या सशात माती दाबून शिक्का काढील. तो शिक्का भाजील, आग खाईल. मग त्या शिक्क्याने बरणीवर ससा उठवून ती भाजील, आग पुन्हा खाईल. माझा ससा तीन बोटं, हा पडलेला सव्वादोन. लहान ससा तो चोरीचा ससा." पंतांनी बोटे लाविली, तीन ती तीन आणि सव्वादोन ती सव्वादोन. पंतांस जन्मात इतका आनंद जाहला नव्हता. ते "एक बोट आग खाते" ऐसे चार वेळा पुटपुटले आणि कारकुनाकडून लिहून घेतले. महाराज प्रसन्न जाहले, वकिलाची मान हलली, आणि भिकनाजींनी पागोटे ठाकठीक करून चार शेजारी जमले आहेत की काय हे पाहिले.

इतक्यात मातुश्री म्हणाल्या, "भिकनाजी, तुमच्या वडिलांच्या हातची बरणी माझ्या लग्नात आली होती. तिच्यावरचा ससा मला आठवतो. आणा रे ती." बरणी आली. पंतांस आता मोजण्याची चटक लागली होती. त्यांनी कोणी न सांगता बोटे लाविली आणि तेथेच थबकले. मग हळूच म्हणाले, "चार." पंत म्हणाले, "वडिलांचा ससा चार बोटं. तुमचा तीन. लहान ससा तो चोरीचा ससा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत." हैबती पुढे सरकून म्हणाला, "थोरल्या काकांचा शिक्का दादांपाशी नाहीच, महाराज. मला संशय होताच." जत्रेतले खरे सांगावे तर वडिलांची वस्तू उडविली म्हणून तोंड काळे, न सांगावे तर चाक नदीत. आणि शेजारी तान्हुबाई उभ्या, त्यांस नऊ वर्षांत एका शब्दाने सांगितले नव्हते. भिकनाजी आपणच खणलेल्या खड्ड्याची खोली मनात मोजू लागले.

तेव्हा तान्हुबाईंनी पदर खोचिला आणि म्हणाल्या, "महाराज, मघापासून सगळे सशाच्या मागे लागलेत. बरणी पडली ती सशामुळे का कानामुळे?" महाराज म्हणाले, "कानामुळे." "मग कानाकडे बघा की." आणि त्यांनी तिन्ही बरण्या ओळीने मांडिल्या. म्हणाल्या, "ही मातुश्रींच्या लग्नातली. कानाच्या मुळाशी खळगा आहे, त्यात आडवी रेघ आहे. ती सासूबाईंच्या अंगठ्यावरच्या विळीच्या वणाची. ही कोठीतली. इथेही खळगा आहे, रेघ नाही, तो माझा अंगठा. घर तेच आहे, महाराज, फक्त अंगठा बदलला. आणि ही पडलेली. इथे काय आहे?" पंतांनी वाकून पाहिले. तेथे ओल्या फडक्याने पुसून केलेली गुळगुळीत माती, आणि अंगठ्याचे नावही नाही. तान्हुबाई म्हणाल्या, "हा कान नुसता चिकटवलाय. तो सुटायचाच होता." मग त्यांनी ओटीतून एक पुरचुंडी काढून सोडिली, तीत पक्क्या मातीचे तीन तुकडे, जुळवून ठेविले तर चार बोटांहून थोरला ससा. "हा मामंजींचा शिक्का. यांच्या हातून जत्रेत फुटला. लाज वाटली म्हणून यांनी घरातल्याच बरणीवरून दुसरा काढला. बापाचा ससा मुलानं घेतला, ती चोरी कशी?" भिकनाजी चाचरत म्हणाले, "तुला ठाऊक होतं?" तान्हुबाई म्हणाल्या, "तुकडे कोणी वेचले असं वाटलं तुम्हाला? तुम्ही सांगाल म्हणून नऊ वर्षं थांबले." भिकनाजींस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि तितकेच हलकेही वाटले.

हैबती म्हणाला, "अंगठा हिचाच कशावरून? घालून दाखवू दे." तान्हुबाईंनी कोठीतल्या बरणीच्या खळग्यात अंगठा घातला, तो मोठा होऊन बसेना. दरबारात कुजबुज सुरू जाहली. तोच पंतांनी हात वर केला, आणि गादीवर बसून इतक्या वर्षांत प्रथमच ठाऊक असलेली गोष्ट सांगावी ऐशा थाटात म्हणाले, "एक बोट आग खाते." मग त्यांनीच आज्ञा केली की ओल्या मातीवर तान्हुबाईंचा, हैबतीचा आणि पडताळ्यास म्हणून आपला स्वतःचा, ऐसे तीन अंगठे घेऊन भाजावे. भट्टी दोन दिवस चालली. वकील तोवर गडावर राहिले, आणि दोन्ही वेळा भाकरीबरोबर तेच लोणचे मागून घेत राहिले. तिसरे दिवशी ठसे निघाले, ते बरणीशेजारी ठेवून पाहिले, तो तान्हुबाईंचा खळग्यास खळगा जुळला. हैबतीने मग हात जोडून सांगितले, "बायको माहेरी गेली होती. कान मीच लावले. ससा हुबेहूब उतरवायला मला महिना लागला, महाराज. पण बाईच्या अंगठ्याकडे कोण बघतो?" हे ऐकून मातुश्रींनी हैबतीकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी शिक्षेत धरावी ऐसे पंतांनी सुचविले. परंतु महाराजांनी वेगळे शासन केले की हैबतीने एक वर्ष तान्हुबाईंचे हाताखाली बसून कान दाबावे आणि दर कानास त्यांचा होकार घ्यावा. वकिलांस तान्हुबाईंच्या अंगठ्याच्या दोन बरण्या भरून दिल्या आणि तह पक्का जाहला.

शेवटी हुकूम निघाला की या राज्यी बरणीची खूण म्हणजे कानाखालचा अंगठा, अन्य खूण ग्राह्य नाही. भिकनाजींनी चाक राहिले म्हणून जमिनीस डोके टेकिले, मग हळूच पुसिले, "आणि माझा ससा?" महाराजांनी मातुश्रींकडे पाहिले, मातुश्रींनी तान्हुबाईंकडे पाहिले. तान्हुबाई म्हणाल्या, "मारा की. पण तळाला मारा."

एवंच, फुटले ते लपविले तर वर्षांनुवर्षे आकसत जाते, आणि वेचणाऱ्याने वेचून ठेविले ते पुरते राहते. त्या राज्यी आजही बरणी घेणारा आधी कानाखाली आपला अंगठा घालून पाहतो. भिकनाजी मात्र पुढे चांगले म्हातारे होईतो गावभर दारोदार हिंडत आणि घरोघरच्या बायांस पुसत, "लोणचं संपलं का गं? बरणी धुऊन पालथी कधी घालणार?"