कठीण प्रसंगीही बरी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी बिश्केकच्या आमच्या विद्यापीठात मनःस्वास्थ्य सप्ताहाचं उद्घाटन झालं. शांत राहणं विद्यार्थ्यांना सक्तीचं करण्यात आलं. अशांत आढळणाऱ्यास परीक्षेला बसता येणार नव्हतं.

दुपारी गावाहून, नारीनहून, बाबांचा फोन आला. "बुरूल, बरी आहेस ना?"

"बरी आहे. ठेवते, श्वासाचा तास आहे."

"श्वासाला तास? आमची घोडी बिचारी आपली आपणच घेतात गं." ते हसले. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सापारकाका गावातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. आमच्याकडे मृत्यूची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. वडीलधारी माणसं येतात आणि वळणावळणाने तिथवर नेतात. मनःस्वास्थ्य कक्षाच्या प्रमुख कुंदुझ मॅडमनी या प्रथेचं मनापासून कौतुक केलं. "फक्त तिचं मन ढवळेल असं काही नको. सप्ताह चालू आहे."

काका म्हणाले, "हातावरचा ससाणा उडून गेला, पोरी."

"'उडून गेला' जरा नकारात्मक वाटतं, काका," मॅडम म्हणाल्या.

"मग... उंच गेला."

"छान! आणि परत येईल?"

काकांनी घसा खाकरला. "मॅडम, येणार नाही हेच सांगायला आम्ही घाट ओलांडून आलोय."

"ते तिचं तिला उमगू दे. जबरदस्ती नको."

मला ते तिघे दारात दिसले तेव्हाच उमगलं होतं. पण तास चालू होता. मी श्वास आत घेतला, बाहेर सोडला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी माझा फोटो काढून फलकावर लावला. खाली लिहिलं, 'कठीण प्रसंगीही बरी'. रजाही लगेच मिळाली. कारण म्हणून त्यांनी 'निसर्गसहवास' टाकलं. मृत्यू टाकला की कक्षाची शांततेची टक्केवारी घसरते.

गावी अंगणात युर्त, आमचा लोकरी गोल तंबू, उभारलं होतं. आत बाबा होते. लेकीने भिंतीकडे तोंड करून, बाहेरच्यांना ऐकू जाईल असा विलाप करायचा असतो. मी बसले आणि श्वास मोजू लागले.

आत्याने ढोसलं. "अगं, रड की! लेक आहेस का पाहुणी?"

बाहेर जमणारे एकमेकांना विचारत होते, "बरे आहात ना?" जो तो म्हणत होता, "बरे आहोत." तुम्हीही आज सकाळपासून कुणाला तरी हेच सांगितलं असेल.

एक शेजारीण आत आली आणि सवयीने म्हणाली, "बुरूल, बरी आहेस ना?"

मी भिंतीकडे वळले. अंगणातल्या घोड्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "नाही, बाबा. मी बरी नाही. विद्यापीठातल्या पहिल्या वर्षापासूनच नव्हते."