दामल्याचा ब्रेक

कुठलाही बेत सांगा, दामल्याचा प्रश्न ठरलेला, "ते सगळं ठीक आहे रे, पण थांबायचं कसं?"

कुकर लावला की पहिल्या शिट्टीपासून याचा हात शेगडीच्या बटणावर. सिनेमाला गेलो की आधी बाहेर पडायचं दार शोधणार. तिजारेनं लग्न ठरल्याचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हाही दामल्यानं तेच विचारलं. तिजारे दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. तिजारे नागपूरचा, मी त्या वर्षी नवाच आलेला, आणि दामले पीएच.डी.च्या सहाव्या वर्षात. पोस्टमन येऊन गेला की दामले धावत खाली जायचा आणि आमची पत्रं वर आणायचा. त्याचं स्वतःचं त्यात कधी नसायचं.

त्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर विद्यार्थ्यांच्या घरगुती बर्फगाड्यांची शर्यत होती. उतारावरून सुटायचं, तळ्यावर लाल रेघ ओलांडायची आणि नारिंगी झेंड्यांच्या आत थांबायचं. झेंड्यांपलीकडे पाणी वाहतं होतं, तिथला बर्फ पापडाएवढा पातळ.

दामल्यानं कुणीतरी टाकून दिलेल्या लोखंडी पलंगाची गाडी केली. खाली घासून गुळगुळीत केलेल्या दोन पट्ट्या, मागे दातेरी ब्रेक. पायानं दाबला की दाते बर्फात रुतणार. गाडीला चार दिवस लागले, ब्रेकला तीन आठवडे. वजनानं हलका म्हणून बसायचं मी.

शर्यतीच्या सकाळी तिजारेनं पिट्सबर्गहून आणलेला नारळ काढला. गाडीला कुंकू लावलं आणि नारळ तिच्याच पट्टीवर फोडला. पाणी ब्रेकच्या सांध्यावर उडालं. आम्ही तिघं इंजिनियर, तिघांनी भक्तिभावानं खोबरं खाल्लं.

मग अर्धा तास नंबर येईना. नाकातला श्वाससुद्धा गोठत होता. दामले ब्रेक बघायला वाकला, तर तिजारे ओरडला, "अबे, पूजा झाली ना! आता हात नको लावू बे!"

दामल्यानं हात मागे घेतला. नंतर "आलोच" म्हणून मोटारीकडे गेला आणि परत आला. मला काही बोलला नाही. मला ढकलताना मात्र त्याचा हात खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

गाडी सुटली ती बाणासारखी. लाल रेघ गेली. मी ब्रेक दाबला. हलेना. दोन्ही पायांनी दाबला. नारळाच्या पाण्यानं सांधा दगड करून टाकला होता. झेंडे समोर येत होते, त्यांच्यामागचं काळं पाणी दिसत होतं. मी "आई गं" एवढंच ओरडलो.

तेवढ्यात मागून हिसका बसला. वळून पाहिलं तर कपडे वाळवायची नायलॉनची दोरी, अख्खं बंडल उलगडून ताणलेली, तिचं एक टोक गाडीला आणि दुसरं दामल्याच्या कमरेला. तो पोटावर आडवा, बुटांची टोकं बर्फात खुपसून फरफटत येत होता. चष्मा एका कानाला लटकलेला. गाडी झेंड्यांच्या दोन हात अलीकडे थांबली.

अमेरिकन पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना तो ब्रेकचाच भाग वाटला.

मी रांगत त्याच्यापाशी गेलो. स्वेटर पुढून उसवला होता, हनुवटीतून रक्त येत होतं. मला रडू येत होतं आणि रागही.

"सांगायचं नाही का? आणि तूही पाण्यात गेला असतास तर? तुझं थांबायचं कसं, याचा विचार केलास?"

त्यानं चष्मा काढून काचांवर फुंकर मारली.

"माझं काय रे. दर मंगळवारी तुझ्या आईचं पत्र येतं. मीच आणतो ना वर."

मी त्याच्या कमरेची गाठ सोडायला लागलो.

"राहू दे," तो म्हणाला, "काठावर जाईपर्यंत."

मी गाडीकडचं टोक सोडलं आणि माझ्या कमरेला बांधलं. पुढे तो, मागे मी, असे आम्ही परत निघालो.